गुप्तहेरपट काळोखा झाला, पण गंभीर होत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

चकचकीत गुप्तहेरपट घ्यायचा, त्यातली थट्टामस्करी आणि अचाट कसरती काढायच्या आणि उरलेल्यातून एक गंभीर, थंड सिनेमा उभा करायचा, असं पुनर्संकलन करणारे बरेच हौशी आहेत. त्यांच्या फाइल्स दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात आणि दुखणं बहुतेक वेळा एकच निघतं. चित्र काळवंडलेलं असतं, सिनेमाचा स्वभाव मात्र तसाच हसरा राहिलेला असतो.

आधी लक्षणं बघा.

- पाहणारा विचारतो, “ब्राइटनेस कमी ठेवलाय का?” सिनेमा गंभीर वाटला, असं कोणी म्हणत नाही.
- विनोद काढलेल्या जागी समोरचं पात्र उगाचच गालात हसतं, किंवा कारण नसताना दोन क्षण सगळे गप्प उभे राहतात.
- कट आला की पार्श्वसंगीत उडी मारतं, किंवा मागचा पावसाचा आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटतो.
- नायक बेदम मार खातो आणि पुढच्या दृश्यात ताजातवाना दिसतो.
- शेवटाकडे कोणीतरी विचारतं, “हे स्फोटक पेन त्याच्याकडे कुठून आलं?”
- ओठ आणि आवाज सुरुवातीला जुळतात, शेवटी जुळत नाहीत.
- गडद भागांत रंगाचे पट्टे किंवा चौकोन दिसतात.

शेवटची दोन लक्षणं तांत्रिक आहेत, बाकी सगळी संकलनाची. ही गल्लत झाली की माणूस संकलनाचं दुखणं सॉफ्टवेअरमधल्या रंग बदलायच्या चाकांनी बरं करायला बसतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक पायरीआधी प्रोजेक्टची वेगळी प्रत ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

फाइल आणि पडदा

याला पैसे लागत नाहीत आणि वेळही फारसा जात नाही, म्हणून हे आधी. मूळ सिनेमा आणि तुमची प्रत एकाच प्लेअरमध्ये, एकाच पडद्यावर, एकाच फ्रेमवर थांबवून शेजारी शेजारी बघा. मूळसुद्धा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये धुरकट दिसत असेल तर तुमच्या कटांचा काही दोष नाही.

नेहमीची कारणं दोन. पहिलं म्हणजे रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मोजणी. आठ बिटच्या व्हिडिओत काळा रंग सहसा ० वर नसतो, १६ वर असतो आणि पांढरा २३५ वर. संगणक मात्र ० ते २५५ मोजतो. यांतली कोणती मोजणी आहे ही फाइलमधली खूण सॉफ्टवेअरने चुकीची वाचली की काळं राखाडी दिसतं किंवा सावल्यांमधला तपशील गडप होतो. राखाडी दिसलं म्हणून तुम्ही काळं दाबत जाता, आणि तीच फाइल टीव्हीवर लावली की रात्रीची दृश्यं दिसेनाशी होतात. दुसरं कारण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला साठवणारं चित्र. एचडीआर प्रत रूपांतर न करता साध्या रेक. ७०९ (नेहमीच्या एचडी टीव्हीचं रंगमान) टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या पट्टीवर, टाकली की चित्र फिकं, मळकं दिसतं. काहींना तोच ‘डार्क लूक’ वाटतो आणि ते त्यावरच सगळं ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेडाचं काम, रचतात. मग वरचं सगळं काम फुकट.

ओठ-आवाजाचं दुखणंही इथेच तपासा. बिघाड एखाद्या कटनंतर अचानक सुरू होत असेल तर तो कटचा आहे, कुठेतरी आवाजाची क्लिप सरकली आहे. हळूहळू वाढत जात असेल तर फ्रेम रेटचा. डिस्कवरचे सिनेमे बहुधा सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सचे असतात. चित्र त्या वेगाने आणि आवाज २४ च्या हिशेबाने धावला तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर सिनेमा २५ फ्रेम्सने चालतो, म्हणजे १२० मिनिटांचा चित्रपट साधारण ११५ मिनिटांत संपतो, आणि मुद्दाम दुरुस्त केलेला नसेल तर आवाजही किंचित चढा लागतो. दोन वेगळ्या प्रतींतून तुकडे घेताना हा वेग आधी सारखा करून घ्या.

कटवर चित्र अडखळत असेल तर एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने दाबून लहान केलेली फाइल थेट कापणं बंद करा. या पद्धतीत बहुतेक फ्रेम्स स्वतंत्र नसतात, मागच्यापुढच्या फ्रेम्सवरून घडवलेल्या असतात. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संकलनासाठीच्या स्वरूपात रूपांतर करून घ्या. जागा खूप लागते, पण कट जिथे मारला तिथेच पडतो.

चित्र बंद करून ऐका

आता कागद-पेन घ्या, चित्र पूर्ण बंद करा आणि पहिला अर्धा तास नुसता ऐका. जिथे मजा येते, पाय ठेका धरतो, तिथली वेळ टिपा. मग उलट करा. आवाज बंद, फक्त चित्र, आणि पुन्हा तशीच यादी.

सिनेमाचा हलकेपणा कुठे राहतो ते या दोन याद्या सांगतात. कानाची यादी लांब निघाली तर रंग कितीही उतरवले तरी उपयोग नाही. माझ्या अनुभवात ती जवळजवळ नेहमीच लांब निघते. गुप्तहेरपटाचा खेळकरपणा ब्रास वाद्यांत असतो, संवादांच्या टाळीबाज लयीत असतो आणि ठोशांच्या फुगवलेल्या आवाजात असतो. चित्रातलं म्हणाल तर उन्हातले समुद्रकिनारे सोडून फारसं काही हसरं नसतं. चेहरे बरेचदा गंभीरच असतात. संगीत काढून बघा, पटेल.

विनोद मुळासकट निघाला का

सगळ्यात जास्त चुका इथे सापडतात, आणि दुरुस्तीला वेळेपलीकडे काही लागत नाही.

विनोदाचे तीन भाग असतात: तयारी, वाक्य आणि वाक्यानंतर हसायला ठेवलेली जागा. हौशी संकलक मधलं वाक्य काढतो आणि दोन्ही टोकं ठेवतो. मग खलनायकाचा प्रश्न उत्तराविना लोंबकळतो, सहकारी कशावर तरी भुवई उंचावते आणि प्रेक्षकांच्या हशासाठी राखलेला तो सेकंद-दीड सेकंद रिकामा वाजतो. पाहणाऱ्याला नेमकं काय गेलं ते सांगता येत नाही, पण गाळलंय हे त्याला कळतं. टाइमलाइनवर काढलेल्या प्रत्येक वाक्याच्या मागेपुढे जा आणि तिन्ही भाग गेले का बघा.

कधीकधी तयारी ठेवणंच फायद्याचं ठरतं. खलनायक विचारतो, “शेवटचं काही सांगायचंय?” मूळ सिनेमात नायक काहीतरी चटपटीत बोलतो. तुम्ही ते वाक्य काढून त्याच दृश्यातला नायकाचा गप्प क्लोजअप तिथे लावलात, तर तोच प्रश्न जड होतो. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने साधारण शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवलं होतं: चेहरा तोच ठेवा, शेजारचा शॉट बदला, प्रेक्षक चेहऱ्यात वेगळी भावना वाचतो. पुनर्संकलनाचं अर्धं भांडवल एवढंच आहे.

हसू काढताना कट ओठांवर मारू नका. ओठ हलण्याआधी गाल आणि डोळे हलतात, आणि कट उशिरा पडला तर ती सुरुवात दिसते. दहा-बारा फ्रेम्स आधी बाहेर पडा. हसणारं पात्र फ्रेमच्या कडेला असेल तर शॉट मोठा करून त्याला बाहेर ढकलता येतं. ४के प्रतीवरून (तिची रुंदी-उंची १०८० च्या दुप्पट असते) १०८० ची टाइमलाइन बनवत असाल तर दुपटीपर्यंत मोठं केलं तरी चित्र फाटत नाही. १०८० वरून १०८० करताना मात्र अगदी थोडंच मोठं करा, धार लगेच जाते.

वाक्य काढल्यावर खाली आवाजाचं भोक पडतं. त्या जागी शांतता टाकू नका, त्या खोलीचा रूम टोन टाका. त्याच दृश्यात कोणी बोलत नाही असा एक-दोन सेकंदांचा तुकडा शोधा आणि जोडांवर छोटे क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज उतरताना दुसरा चढू द्या. अगदी छोटा तुकडा वारंवार जोडला तर त्याला स्वतःचा ठेका येतो आणि कान तो पकडतो, म्हणून मिळेल तेवढा लांब तुकडा घ्या. दुसरा उपाय, आवाज आणि चित्र एकाच जागी कापू नका. पुढच्या दृश्याचा आवाज थोडा आधी सुरू करा, किंवा मागचा थोडा पुढे खेचा. निम्मे खटके यातच जातात.

सगळे विनोद काढावेत या मताचा मी नाही. माणूस मारल्यावर नायक काहीतरी चटकदार बोलतो, ते वाक्य संगीताशिवाय ठेवा आणि त्यानंतर जोडीदाराचा चेहरा थोडा जास्त वेळ धरा. प्रेक्षक नायकाला घाबरू लागतो. असं एखादं वाक्य अख्ख्या सिनेमाला पुरतं.

मार खाल्ल्याचा परिणाम दिसतो का

कोणी मेलं, कोणाला लागलं, आणि कोणाचंच काही बिघडलं नाही, म्हणून ॲक्शनपट हलका वाटतो. तेव्हा प्रत्येक मारामारीनंतरचा पहिला शॉट बघा. तो विमानाचा, शहराच्या देखाव्याचा किंवा पार्टीचा असेल तर दुखणं तिथेच आहे.

सगळा सिनेमा चाळून नायकाचे दमलेले, बसलेले, आरशात बघणारे, हात धुणारे शॉट सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्या बिनमध्ये (क्लिपांच्या फोल्डरमध्ये) गोळा करा. पडद्यावर ते जेमतेम सेकंदभर असतात, पण जवळजवळ प्रत्येक गुप्तहेरपटात सापडतात. डिस्कवरची वगळलेली दृश्यंही बघून ठेवा. बहुतेकदा त्यांचं ग्रेडिंग झालेलं नसतं आणि आवाज कच्चा असतो, पण शांत अभिनयाचे तुकडे तिथेच मिळतात. वेग हाच निकष असल्यामुळे तेच तर आधी वगळले गेलेले असतात.

शॉट लांबवायला स्लो मोशनवर भिस्त ठेवू नका. २४ फ्रेम्सचा शॉट मंद केला की फ्रेम्स दुबार दिसतात, आणि सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम्स घडवल्या तर हलणाऱ्या हातांच्या कडा वितळल्यासारख्या होतात. लांबवायचंच असेल तर दुसऱ्या शॉटवर जा.

कसरतीचा तुकडा काढल्यावर कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे आहे ते तपासा. मारामारी हालचालीवर कापलेली असते, मधला एक ठोसा गेला की दोघांच्या जागा अदलाबदल झाल्यासारख्या वाटतात. बारीकसारीक विसंगतीने मात्र घाबरून जाऊ नका. वॉल्टर मर्च या संकलकाने चांगल्या कटचे सहा निकष मांडले, त्यांत भावनेला ५१ टक्के वजन आहे आणि जागेच्या त्रिमितीय सलगतेला फक्त ४. टायची गाठ सरकली तर चालेल. गालावरची जखम नाहीशी झाली तर चालणार नाही, कारण ती भावनेच्या ५१ मध्ये मोडते.

काय पेरलंय, काय उगवतंय

पुन्हा कागद. डावीकडे सिनेमात दाखवलेली प्रत्येक वस्तू, फोन, नाव, वचन लिहा आणि उजवीकडे ते पुढे कुठे कामी येतं ते लिहा. मग तुम्ही काढलेल्या दृश्यांवर काट मारा. उजवीकडे एकट्या उरलेल्या नोंदी म्हणजे प्रेक्षकाचे प्रश्न.

बहुतेक वेळा बळी जातो तो उपकरणं हातात देण्याच्या दृश्याचा. ते थट्टेचं असतं म्हणून अख्खं काढतात आणि मग शेवटी पेन आकाशातून पडल्यासारखं येतं. संवाद काढा, वस्तू टेबलावर ठेवल्याचे दोन-तीन मूक शॉट ठेवा. किंवा शेवटचा वापरही काढा, पण मग नायक सुटतो कसा याचं उत्तर उरलेल्या चित्रातूनच मिळायला हवं.

दृश्यांचा क्रम बदलायचा असेल, म्हणजे साथीदाराचा मृत्यू आधी आणायचा वगैरे, तर कपडे, दाढी, जखमा आणि कोणी कोणाचं नाव घेतं हे सगळं तपासा. चुंबन आणि कोटी असलेला ठरलेला शेवट सरळ काढून टाका. सिनेमा त्याआधी कुठे संपू शकतो ते सहसा लगेच दिसतं.

संगीत

इथून काम अवघड होतं. तयार सिनेमात संगीत, संवाद आणि इतर आवाज आधीच मिसळलेले असतात, म्हणून नुसतं संगीत बंद करण्याचं बटण मिळत नाही.

स्टिरिओवर डोकं फोडण्याआधी ५.१ ट्रॅक मिळतो का बघा. त्यात सहा वाहिन्या असतात: पुढच्या डावी-उजवी, मधली, मागच्या दोन आणि एक खर्जाची. संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत आणि संगीत मुख्यतः डाव्या-उजवीकडे पसरलेलं. शांत संवादाच्या दृश्यात मधली ठेवून बाकीच्या उतरवल्या की संगीत बरंच खाली जातं. मग पाऊस, रहदारी, पंखा असं वातावरण बाहेरून आणून बाजूच्या वाहिन्यांत भरा. ॲक्शनच्या दृश्यात ही युक्ती चालत नाही, कारण तिथे गोळ्या आणि स्फोटही त्याच बाजूच्या वाहिन्यांत असतात.

डिस्कवर दुसऱ्या भाषांतले डब असतील तर तेही उघडा. डब करताना संगीत आणि इतर आवाजांचा मूळ ट्रॅक तसाच ठेवून संवाद नव्याने बसवतात. त्यामुळे मूळ भाषेत वाक्याने झाकलेला क्षण डबमध्ये कधी कधी अर्धा सेकंद मोकळा सापडतो. भोक बुजवायला तेवढं पुरतं.

यानंतरची पायरी आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअरं. डेमक्ससारखी एआय प्रारूपं फुकट आहेत, पण त्यांची तालीम गाण्यांवर झालेली आहे: गायन, ड्रम, बास असं वेगळं करण्यात ती पटाईत. स्फोटावर ब्रास वाजत असेल तर स्फोटाचा काही भाग संगीतात जातो आणि उरलेला पाण्याखालून आल्यासारखा लागतो. हेडफोनवर ऐकल्याशिवाय असा तुकडा वापरू नका.

नवं संगीत लावताना मोह आवरा. प्रत्येक दृश्याखाली खर्जातली घरघर लावली की दहा मिनिटांत ती ऐकू येईनाशी होते. आधी सिनेमा संगीताशिवाय सलग बघा आणि जिथे खरंच अडतं तिथेच टाका. मग लाउडनेस मीटरवर तीन सेकंदांच्या सरासरीचा काटा लावून जोडांच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे बघा. उडी डोळ्यांना दिसली तर कानाला नक्कीच लागणार.

रंग

लोक सुरुवात इथून करतात, मी मुद्दाम इतक्या खाली ठेवलंय. कट बदलला की रंग पुन्हा जुळवावे लागतात, म्हणून कट पक्का होईपर्यंत हात लावू नका.

तयार सिनेमाचं ग्रेडिंग आधीच झालेलं असतं. कॅमेऱ्याची मूळ फाइल तुमच्याकडे नाही, त्यामुळे दाबलेलं काळं किंवा जळलेलं पांढरं परत येत नाही. सगळ्या सिनेमावर एकच लट (LUT, रंग बदलण्याचा तयार तक्ता) टाकण्यापेक्षा सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, थोडं उतरवा, मिडटोन, म्हणजे मधल्या उजेडाचे भाग, थोडे खाली घ्या आणि त्वचेचा रंग सांभाळा. डोळ्यांवर विसंबू नका, वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाची पातळी दाखवणारा आलेख, उघडा ठेवा. चेहरे तळाशी चिकटले असतील तर प्रेक्षकाला अभिनय दिसणार नाही, आणि गांभीर्य तर अभिनयातूनच येतं.

दिवसाची रात्र करायला जाल तर आकाश आणि कडक सावल्या दगा देतात. आकाश नसलेला, ढगाळ उजेडातला शॉट जमतो. भर उन्हातला किनारा जमत नाही, तो काढा.

पट्टे दिसत असतील तर प्रोजेक्ट आणि निर्यात दोन्ही दहा बिटवर न्या आणि वरून बारीक ग्रेन (फिल्मवर दिसतात तसे दाणे) टाका. आठ बिटमध्ये पायऱ्या मोजक्याच असतात, ताणल्या की दिसतात, ग्रेनने त्या विस्कटतात. गडद कोपऱ्यातले चौकोन मूळ फाइलच्या कॉम्प्रेशनचे असतील तर चांगली प्रत मिळवण्याखेरीज उपाय नाही.

कुठे थांबायचं

नवं वाक्य हवंच असेल तर पाठमोऱ्या पात्रावर, किंवा फोनमधून येणाऱ्या आवाजात, सिनेमातलेच शब्द जोडून बघा. त्यापुढे यंत्राने नटाचा आवाज घडवू नका. तो आवाज त्या माणसाचा आहे, त्याची परवानगी तुमच्याकडे नाही, आणि अनेक देशांत हा कायद्याचाही प्रश्न होतो.

ॲक्शनच्या दृश्यातलं संगीत काढायचंच असेल आणि सॉफ्टवेअरचा निकाल खडबडीत येत असेल तर साउंड मिक्सर गाठा. ठोसे, पावलं, कपड्यांची सळसळ हे सगळं नव्याने बसवावं लागतं, आणि हौशी माणसाने बसवलेले ठोसे लगेच ओळखू येतात. त्याच्याकडे जाताना आवाजाचे ट्रॅक वेगळे, वेळेच्या नोंदी आणि मूळ प्रत द्या. नुसती तयार फाइल दिलीत तर त्याला सगळं पहिल्यापासून सोडवावं लागेल.

दोन प्रतींतले शॉट शेजारी बसत नसतील आणि वेव्हफॉर्म जुळूनही त्वचेचे रंग वेगळेच दिसत असतील तर कलरिस्टला, म्हणजे रंग जुळवणाऱ्या व्यावसायिकाला, बोलवा. त्याच्याकडे मोजून लावलेला मॉनिटर असतो, तुमच्याकडे बहुधा नसतो. अख्खा सिनेमा देऊ नका, अडलेली दृश्यं तेवढी द्या.

प्रत कोणाला दाखवायचा, वाटायचा किंवा त्यातून पैसे मिळवायचा विचार डोक्यात आला तर पुढचा कट मारण्याआधी वकिलाकडे जा. डिस्क विकत घेतली म्हणून सिनेमा बदलून पसरवण्याचा हक्क मिळत नाही, आणि ‘विनानफा’ असं लिहिल्याने तो प्रश्न सुटत नाही. परवानगी हवी असेल तर ती हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून, लेखी घ्यावी लागते.